अक्का घाबरली म्हणून...

फोन दाजींचा, म्हणजे अक्काच्या यजमानांचा होता. त्यांनी आधी विचारलं, "तू कुठं हाईस?" कळंब्याला, घरीच आहे म्हटल्यावर म्हणाले, "ये इकडं. अक्का गेली." ताप काय, दवाखाना काय, आणि दोन दिवसांत माझी थोरली बहीण संपली... महिना होऊन गेला, तरी फोन वाजला की आधी नाव बघतो, मगच उचलतो. दुःखापेक्षा मला भीतीच जास्त वाटते आहे. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण भीतीला नावं ठेवू नयेत हे मी अक्काकडूनच शिकलो.

अक्का मुरगूडच्या शाळेत भूगोल शिकवायची. आमच्या शेतकरी जैन घरात बायकांनी डोंगर चढायचा तो बाहुबलीच्या दर्शनाला, तोही पायऱ्यांनी. पण नव्वद सालानंतर ही बाई सुटीच्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून शाहूवाडीच्या जंगलात हिंडायला लागली आणि पिशव्या घेऊन मागून मी आणि दाजी. तिच्या गळ्यात होकायंत्र, हातात जुन्या नकाशाची झेरॉक्स. घटकेघटकेला थांबून नकाशा जमिनीवर पसरायची, उत्तरेशी जुळवायची, आणि मगच पुढं. दाजी वैतागायचे. त्यांचं मोटारपंपांचं दुकान, यंत्र सांगेल ते खरं असा स्वभाव. मित्रानं दुबईहून हातात मावणारं जीपीएस आणून दिलं तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. "मास्तरीणबाई, तुमची सुई आता देव्हाऱ्यात ठेवा," म्हणून चिडवायचे. ती हसायची, पण सुई काही गळ्यातून काढायची नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही गेलो होतो. खालच्या गावात जीप लावली, मधली खोल घळ टाळून लांबचा वळसा घेतला आणि सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर पोचलो. गडबडीत शिदोरी जीपमध्येच राहिली. परतताना धुकं उतरलं, हाताच्या अंतरावरचं दिसेना. आमच्या जैन रीतीप्रमाणे दिवस मावळल्यावर अक्का पाणीदेखील घ्यायची नाही. वळशानं गेलो तर ती उपाशी राहणार, हे दाजींच्या मनाला लागलं. सकाळी गावाची खूण त्यांनी यंत्रात घालून ठेवली होती आणि पडद्यावरचा बाण गावाकडं सरळ बोट दाखवत होता. "दिवस बुडायच्या आत तुला जेवायला घालतो," म्हणत ते बाणामागं निघाले. बायकोच्या दोन घासांसाठी माणूस असा धुक्यात शिरला... मला तर त्यांचा सदराही दिसेनासा झाला.

अक्का खाली बसली. नकाशा पसरून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अहो, थांबा. पुढं जमीन न्हाई."

"बाण सरळ दावतोय की," धुक्यातून आवाज आला.

मला वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली नाही. साध्या, जरा बसक्या आवाजात म्हणाली, "आनखी एक पाऊल टाकलासा, तर मी तुमच्या मागनं येनार."

पावलं थांबली. दाजींनी हातातली काठी पुढं टेकायला नेली, तर काठी टेकेचना. खालून गार वारा आला, धुकं क्षणभर फाटलं आणि त्यांच्या पायांच्या खाली, फार खाली, झाडांचे शेंडे दिसले. मी रांगत जाऊन त्यांच्या पाठीवरची पिशवी धरून मागं ओढलं. मग अक्का होकायंत्र धरून पुढं, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या पिशवीचे बंद धरून मागं, असे वळशाच्याच वाटेनं उतरलो. गावात पोचेपर्यंत दिवस मावळून गेला होता. अक्का जेवली नाही, आणि समोरच्या भाकरीला दाजींनीही हात लावला नाही.

पुढं एकदा आम्ही दोघांनी तिला विचारलं, तुला इतकी खात्री कशी होती. "खात्री कुठली? आपन कुठं उभं हाय त्येच कळंना झालतं," ती म्हणाली. "नकाशावर उंचीच्या रेषा दाटल्यात, म्हंजी जवळ कुठंतरी कडा हाय, एवढं दिसलं, आनी भ्या वाटलं. भ्या वाटलं की थांबायचं, एवढंच मला येतंय." तोवर मी समजत होतो की तिला सगळं ठाऊक होतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं, गाव बाणाच्या टोकालाच होतं, घळीपलीकडं. पण दाजी वाचले ते कुणीतरी घाबरलं म्हणून, हे कळल्यावर मला त्या दिवसाची नव्यानं धास्ती बसली.

दाजी आता घराबाहेर पडत नाहीत. गेल्या आठवड्यात मी त्यांना बळंच माझ्याकडं आणलं आणि कळंब्याच्या तलावावर फिरायला नेलं. सकाळची वेळ, पाण्यावरून थोडं धुकं रस्त्यावर आलेलं, माणसं गप्पा मारत ये-जा करत होती. निम्म्यात दाजी थांबले. पाय पुढं केला, परत घेतला, माझी बाही घट्ट धरली.

"चला की दाजी. रस्ता हाय," मी म्हटलं.

"तुला भ्या वाटतंय का?"

खोटं बोलणार होतो... पण बोलवेना. "वाटतंय," म्हणालो.

"मग थांब," दाजी म्हणाले. धुकं विरेपर्यंत आम्ही दोघं त्या सरळ रस्त्यावर तसेच उभे राहिलो.