पाय भारी झाला तेव्हा

आमच्या भागात बाईचा पाय भारी झाला म्हणजे तिला दिवस गेले, दुसरा अर्थच नाही. दखनीतून आलेलं बोलणं आहे ते, पण मराठी घरांतही सर्रास असंच म्हणतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, व्याख्येतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पोरांचा अर्धा मार्क कापते. तरीही तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी शाळेतून घरी आले, पर्स खुंटीला अडकवली आणि सासूला म्हणाले, "आत्या, चहा तुम्हीच टाका आज. माझा पाय लई भारी झालाय."

पाय खरंच भारी झाला होता. डावा. दिवसभर फळ्यापाशी उभं राहिलं की संध्याकाळी पोटरीत ओली वाळू भरल्यासारखं वाटायचं. चपलेच्या पट्ट्याचा वळ घोट्यावर उमटायचा तो जेवणं होईपर्यंत जायचा नाही. वर्ष-दीड वर्ष हे चाललं होतं. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट पडली होती, खाजही सुटायची. आत्या म्हणायच्या, घासून आंघोळ करत जा, आणि मी मुकाट्याने घासत होते.

त्या दिवशी आत्यांनी लगेच चहा टाकला. त्यात आलं ठेचून घातलं, कप हातात आणून दिला आणि जरा आडवी हो म्हणाल्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी आडवं व्हायला मला त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारीला आज माया आली असं समजून मी पडले. तेवढ्या तासाभरात त्या पाच घरं फिरून आल्या.

सकाळी शाळेला निघाले तर शेजारच्या भाभी कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन दारात उभ्या. "मुबारक हो टीचर. खट्टा खाने कू मन करता होंगा." मी बरणी हातात घेतली आणि मग डोक्यात उजेड पडला. आत्या मागे चौकटीला टेकून लाजत होत्या, जणू बातमी त्यांचीच होती.

तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. तोंडाळ म्हणून आमच्या उमरी गावात माझी ख्याती आहे, मुख्याध्यापकांनाही मी सोडत नाही. पण त्या सकाळी तोंडातून शब्द फुटला नाही, कारण पाळी आठ दिवस पुढे गेली होती. मुलगी सहा वर्षांची झाली होती. दुसरं मूल आत्यांना हवं होतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला त्यांच्याहून जास्त हवं होतं, हे मात्र मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळेची धास्ती मनात बसली होती. बरणी हातात धरून मला वाटून गेलं, न जाणो, खरंच असेल.

पहिल्या वेळेला मी लातूरजवळच्या मुरुडला, माहेरी होते. आमच्याकडे बाळंतिणीने सव्वा महिना बाज सोडायची नाही. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, पाणी घोटभर. विसाव्या दिवशी माझा डावा पाय जांघेपासून सुजला, निळसर दिसायला लागला, जमिनीला टेकवेना. आईने वारं भरलं म्हणून तिळाचं तेल कोमट करून दोन दिवस रगडून चोळलं. पायात रक्ताची गाठ होती, चोळता चोळता ती सुटून फुप्फुसात गेली असती तर हे लिहायला मी उरले नसते. शेवटी भावाने जीप करून लातूरला नेलं. सोनोग्राफीत दिसलं की पायाच्या मोठ्या शिरेत जांघेपासून गुडघ्यापर्यंत रक्त गोठलंय. डॉक्टरांनी गुडघ्यामागून नळी घालून ते ओढून काढलं. चार दिवसांनी मी माझ्या पायाने चालत जीपमध्ये बसले. आई सगळ्यांना फोन करून सांगत होती, रक्ताची गाठ होती, निघाली.

या गाठ शब्दाने आमचा घात केला. अंगात गाठ झाली, डॉक्टरांनी काढली, देवाला नारळ फोडला की विषय संपला, अशी आमची समजूत. शेजारच्या काकांच्या मानेवरची निघाली, तशी माझ्या पायातली निघाली. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या तेवढं पुरे झालं. गुडघ्यापर्यंतचा एक घट्ट मोजा दिला होता. मे महिन्यात उमरीच्या उन्हात तो घालून दाखवा कुणीतरी. तो ट्रंकेत गेला. दरवर्षी दाखवून जा म्हणाले होते, पण गाठच उरली नाही तर दाखवायचं काय, असा माझा बिनतोड सवाल होता. विज्ञान शिकवणाऱ्या बाईचा.

तर शनिवारी आत्या मला पॅसेंजरने नांदेडला बायकांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नवरा लातूरला नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी येतो. त्याला बातमी भावकीतून कळली होती आणि मला सांगितलं का नाहीस म्हणून तो फोनवर रुसला होता. त्यालाही मी खरं काय ते सांगितलं नाही. गाडीत आत्यांनी मला खिडकी दिली आणि स्वतः दाटीवाटीने बसल्या.

डॉक्टरबाईंनी तपासणी केली आणि नाही म्हणाल्या. दिवस गेलेले नाहीत, पाळी कधी कधी पुढे जाते. मला आतून काहीतरी ओरबाडल्यासारखं झालं, पण चेहरा मी सरळ ठेवला. आत्यांना ते पटेना. त्या म्हणाल्या, "पर हिचा पाय भारी झालाय नव्हं? हीच म्हनली मला."

मला वाटलं आता बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेऊन मला विचारलं, "कोणता पाय?"

मी डावा पुढे केला. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर तिथे खड्डा. आम्ही तिघी त्या खड्ड्याकडे बघत राहिलो आणि तो भरायला तयार नव्हता. मग त्यांनी जुनं सगळं विचारून घेतलं आणि त्याच गल्लीतल्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं.

ते डॉक्टर माझ्याहून लहान असतील. पुन्हा सोनोग्राफी केली, मग पॅड पुढे ओढून एक उभी शीर काढली आणि तिच्यात वर उघडणारी दोन दोन दारं. गाठ काढली ते बरोबरच झालं, म्हणाले, पण ती होती तेवढ्या दिवसांत शीर आतून सुजली आणि झडपा कामातून गेल्या. आता रक्त वर चढतं आणि परत पायात उतरतं. म्हणून सूज, म्हणून तो काळा डाग. जपलं नाही तर पुढे तिथेच जखम होऊ शकते, आणि ती लवकर भरत नाही.

मी त्या दारांकडे बघतच राहिले. शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे रक्त एकाच दिशेने वाहते. हे वाक्य मी नऊ वर्षं आठवीला लिहून देत होते. दरवर्षी फळ्यावर हीच आकृती काढत होते, याच पायावर उभी राहून. इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आत्यांनी विचारलं, "पर गाठ तर काढली होती की, साहेब."

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. गाठ काढल्यावर काहींचा पाय पहिल्यासारखा होतो. काहींना त्रास राहतो, पण कमी राहतो. काहींना काढूनही तेवढाच राहतो, आणि कोण कशात जाईल हे आधी सांगता येत नाही. काढली नसती तर माझा पाय याहून वाईट झाला असता का, तेही ते ठामपणे सांगू शकत नव्हते. मी मोजा घातला असता तर हे टळलं असतं का, असं मी विचारलं. मला वाटलं हो म्हणतील, चार शब्द सुनावतील. ते म्हणाले, तसंही म्हणता येणार नाही, सूज मात्र आटोक्यात राहिली असती. त्यांनी माझ्यावर ठपका ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं. माझी चूक असती तर ती सुधारता तरी आली असती. "पाय पूर्ण पहिल्यासारखा होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही," हे त्यांचं एकच वाक्य तेवढं पक्कं होतं.

दुसऱ्या मुलाचं आत्यांनीच विचारलं, मला धीर झाला नसता. होऊ शकतं, म्हणाले, पण पुन्हा गाठ व्हायचा धोका आहे. पहिल्यापासून ते बाळंतपणानंतर काही आठवड्यांपर्यंत रोज एक इंजेक्शन घ्यावं लागेल, पायाची सूज वाढेल, म्हणून आधी नीट विचार करा आणि मग या. आत्या म्हणाल्या, "रोज सुई?" ते म्हणाले, रोज.

स्टेशनवर बाकावर बसून मी रडले. जे मूल आलंच नव्हतं त्याच्यासाठी रडत होते, आणि समोरून लोक चहा पीत चालले होते. आत्यांनी समजूत काढली नाही, नुसती पिशवी माझ्या डाव्या पायाखाली सरकवली. डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्या पाचही घरी गेल्या. मला भाभींकडून कळलं. सुनेचं काही चुकलं नाही, मीच चुकीचं ऐकलं, कानाने कमी ऐकू येतं आताशा, असं त्यांनी प्रत्येक उंबऱ्यात सांगितलं. त्यांचे कान इतके तिखट आहेत की मागच्या खोलीत मी फोनवर पुटपुटलेलं त्यांना ओट्यापाशी ऐकू जातं. मी लोणच्याची बरणी परत द्यायला भाभींच्या दारात गेले होते तेव्हा हे कळलं, आणि बरणी द्यायचं विसरून तशीच घरी घेऊन आले.

सोमवारी नवा मोजा घालायचा होता. सकाळी पाय पलंगाखाली सोडायच्या आधीच घालायचा, असं सांगितलं होतं. मी ओढत राहिले, तो टाचेच्या पुढे सरकेना. चिडून मी भिंतीवर फेकला. आत्या आल्या, त्यांनी तो उचलला, पलंगाच्या कडेला बसल्या आणि माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

मला धसका बसला. आमच्यात चुकून सासूला पाय लागला तरी वाकून नमस्कार करतात. मी पाय झटक्यात ओढून घेतला आणि त्यांच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांनी माझा हात बाजूला केला. "पाया पडून न्हाई राहिले मी तुझ्या. मोजा घालून राहिले. दे हिकडं."

मग माझा घोटा धरून, खाली बघतच म्हणाल्या, "दुसऱ्या लेकराचं तू ठरव. मी आता इचारनार न्हाई. पाय मातर मला रोज दाव."

मी पाय परत त्यांच्या मांडीवर ठेवला. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तेव्हा तोंडातून निघालं. "मला हवं होतं, आत्या."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या आणि मोजा टाचेवरून वर ओढला.