टीमच्या फोटोतून वैशालीताईंना काढताना

आज ऑफिसात एक काम आलं, ते मनातून जातच नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी एका जाहिरात एजन्सीत डिझायनर आहे. वैशालीताई आमच्या सीनियर. लासूर स्टेशनसारख्या छोट्या गावातून मी इथं नवीन आले, तेव्हा माझ्या प्रत्येक पोस्टरमधलं ऱ्हस्व-दीर्घ त्याच तपासायच्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला आणि आठ दिवसांत त्या गेल्या.

सकाळी सर म्हणाले, "वेबसाइटवरच्या फोटोत वैशाली अजून आहे. क्लायंट विचारतात. तेवढं तिला काढून टाक."

फोटोतली माणसं पुसणं माझं रोजचंच काम. ताईंचा चेहरा पुसला, साडी पुसली. मग दिसलं, त्यांचा हात माझ्या खांद्यावर आहे. माउस पुढं सरकेचना.

शेजारचा इम्रान म्हणाला, "उठ, मैं करता." तो बसला, फोटो मोठा केला आणि नुसता बघत राहिला. "नाय होत गं," म्हणाला.

सरांना सांगितलं. ते येऊन बघून गेले. थोड्या वेळानं म्हणाले, "राहू दे. फोटो नवीनच काढू."

दुपारी आम्ही पाच जण गच्चीत उभे राहिलो. फोटोग्राफर ओरडला, "ताई, जवळ सरका! मधी लई जागा सुटली!"

माझ्या आणि इम्रानच्या मध्ये खरंच एक माणूस मावेल एवढी जागा होती. आम्हाला कळलंच नव्हतं.

मी सरकले. फोटो चांगला आलाय. संध्याकाळी मीच तो वेबसाइटवर टाकला.

तुम्ही सरकला असता का?