सैल केलेले बूट

माझ्या ताईचे यजमान, आमचे भाऊजी, बूट शिवायचे आणि दुरुस्तही करायचे. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. भिंतीला पावलांच्या आकाराचे लाकडी साचे टांगलेले, खाली शिवणयंत्र, आणि चामड्याचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. गिऱ्हाइकाला बूट चावत असला की भाऊजी चामडं ओल्या फडक्यानं नरम करायचे, आत साचा ठोकायचे आणि तसाच ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक खुशीत चालत जायचं. "पाय काही बदलता येत नाही, बूट बदलायचा," असं ते म्हणत.

साखरेचा आजार त्यांना बऱ्याच वर्षांचा. गोळ्या घेत, पण तपासणीचा विषय निघाला की दुकानात एकदम काम वाढायचं.

त्या वर्षी त्यांचे स्वतःचेच बूट घट्ट होऊ लागले. दुसऱ्या कुणी आधी पायाकडे बघितलं असतं. भाऊजींनी बुटाकडे बघितलं. "चामडं आखडलंय," म्हणाले आणि बूट साच्यावर चढवले. बूट सैल झाले. थोड्या दिवसांनी पुन्हा घट्ट. मग आणखी मोठा साचा. शेवटी बाजूची शिवण उसवून त्यांनी आत चामड्याची पट्टी घातली, ती इतकी बेमालूम की बघणाऱ्याला जोड दिसू नये. ते लंगडत असते तर ताईनं त्याच दिवशी हटकलं असतं. पण बूट पायात जात होते, म्हणून घरात कुणाला शंका आली नाही.

दुसरी गोष्ट मात्र लपण्यासारखी नव्हती. न्हाणीघरात गेले की लवकर बाहेर येत नसत. लघवी उतरावी म्हणून आत नळ चालू.

"अहो, आत काय दुकान थाटलंय का?" ताई बाहेरून ओरडायची.

"साहेबांची मर्जी नाही आज."

"मग डॉक्टरांना दाखवा की!"

"वय झालं की होतंच गं. आता काय पोराच्या जोरानं येणार आहे?"

सगळं हसण्यावारी गेलं. पाणी कमी पडत असेल असं वाटून भाऊजी तांब्यावर तांब्या रिचवू लागले. सकाळी चेहरा सुजलेला दिसे. ताई म्हणे, झोप चढलीय. एकूण दुखणं अंगावर काढणं चालू होतं.

एका दुपारी मी दुकानात बसलो होतो. भाऊजींनी काम करताना बूट काढून ठेवले होते. उठायला गेले तर पाऊल आत जाईना. ताई मदतीला खाली बसली, घोटा घट्ट धरून तिनं बूट चढवायचा प्रयत्न केला आणि हात सोडला. पायावर तिच्या बोटांचे खड्डे तसेच राहिले. भरून येईनात.

"हे काय हो?"

भाऊजींनी बूट बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "पोट दगडासारखं झालंय. सकाळपासून थेंब नाही."

ताईनं त्यांच्या पोटावर हात ठेवून पाहिला.

"कालपासून," ते म्हणाले.

अनवाणीच गाडीत घातलं. दवाखान्यात लघवीची नळी बसवल्याबरोबर पिशवी भराभर भरली. भाऊजींचा चेहरा उजळला. "सुटलो गं बाई," म्हणाले.

"पायाला सूज कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आजच दिसली," ताई म्हणाली.

"नाही," भाऊजी म्हणाले. "बरेच महिने झाले. बूट ताणून घेत होतो."

लिहिता लिहिता बाई थांबल्या. "साखरेनं मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यात लघवी अडून त्यांच्यावर ताण आला. तुंबलेलं निघालं, हे बरं झालं. आता नवीन किती तयार होते ते बघायचं. सगळं त्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ताई खाटेशेजारी बसून पिशवीकडे बघत होती. रिकामी केल्यानंतर तळाशी थोडंसं साचलं होतं, गडद रंगाचं. ते वाढत नव्हतं. भाऊजी गुंगीत होते, हाक मारली की बऱ्याच वेळानं डोळे उघडत.

"आता काही दुखत नाही," ते पुटपुटले. "घरी जाऊ या."

नर्स आली. वाकून पिशवी पाहिली. नळी कुठे पिळली गेलीय का म्हणून ती वरपासून खालपर्यंत चाचपली. नळी सरळ होती.

"ताई, जरा बाहेर बसता का?" म्हणाली, आणि डॉक्टरांना बोलवायला झपाझप निघून गेली.

ताई जागची हलली नाही.