चढ्या सुराची मशीन

आमच्या बाळापूरच्या बँडचा सूर वीस वर्षं चुकीचा होता, हे आम्हाला २००६ साली कळलं. तोवर हजार-दीड हजार लग्नं त्या सुरात लागली होती आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

सूर रहमतुल्लाच्या मशीनचा. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्याने त्यांचा जुना जपानी सिंथेसायझर उचलून आणला. एका वेळी एकच स्वर वाजायचा. दोन पट्ट्या दाबल्या तर एकीचंच ऐकायचा. लक्षात तर काहीच ठेवायचा नाही. शहनाईसाठी कोणती खुंटी कुठवर फिरवायची, ते त्याच्या बायकोने, शकीलाभाभींनी, नेलपॉलिशचे ठिपके लावून ठेवलं होतं. वाजवण्याआधी अर्धा तास त्याला तापवावं लागे, त्यात आमच्याकडचा मे महिना. तापला की सूर चढायचा, आणि सुराची खुंटी पार शेवटाला टेकवली तरी खाली उतरायचा नाही. मशीन ऐकत नाही म्हटल्यावर आम्ही ऐकलं. मी, शेषराव, सूर चढावा म्हणून माझ्या क्लॅरिनेटची नळी अकोल्याच्या लेथवाल्याकडून कापून आणली. "नक्की कापू ना?" असं त्याने दोनदा विचारलं. ट्रम्पेटवाल्यांनीही आपापल्या नळ्या छाटल्या. अशा रीतीने आमचा सा पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधे, जिथे पेटीला पट्टीच नसते, तिथे जाऊन बसला.

२००६ साली कापसाने सगळ्यांनाच झोपवलं होतं. लोक लग्नं पुढे ढकलत, नाहीतर सामूहिक विवाहात उरकत. एका मांडवात तीस जोडपी आणि एकच बँड. अशात आमचे मालक खुशालराव यांनी नवा कीबोर्ड आणला. पाचशे आवाज, ढोल-ताशा आतच, वजन काखेत मारण्याएवढं. वाजवायला त्यांचा जावई मनोज, अमरावतीला तीन महिन्यांचा क्लास केलेला. पसंत नसेल तर आठ दिवसांत परत आणा, असं दुकानदार म्हणाला होता. कीबोर्ड परत गेला नाही तर रहमतुल्ला घरी बसणार, हे कोणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

तेल्हाऱ्याच्या एका लग्नात नवा कीबोर्ड पहिल्यांदा निघाला. त्याची शहनाई हुबेहूब शहनाई होती. रहमतुल्लाची कधीच तशी नव्हती, पण ती ऐकून नवरीची आई हमखास रडायची. नव्या शहनाईबरोबर आम्ही वाजवायला लागलो आणि नवरदेवाची घोडी बिचकली. मनोजने पट्टी बदलायचं बटण दाबलं, एकदा वर, एकदा खाली. तो वर गेला की आम्ही खाली राहायचो, तो खाली आला की आम्ही वर. नवरदेवाचा मामा म्हणाला, "बँड हाय का भांडन हाय?"

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी कीबोर्डचा खोका काढला. कीबोर्ड आत ठेवता ठेवता ते म्हणाले, "रहमतभाई, ही नवी मशीन खराबच हाय ना?"

रहमतुल्लाने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी डोळे वटारून त्याच्याकडे पाहत होतो.

"मशीन चांगली हाय," तो म्हणाला. "खराबी आपल्यात हाय. घरी पेटी हाय माह्याकडे, मले कवाचंच माहीत हाय."

त्याने कीबोर्ड पुन्हा बाहेर काढला, मला सा धरायला सांगितला आणि बटणं चाळत चाळत सूर जुळवायची जागा शोधली. मग बारीक बारीक करत स्वर चढवत नेला. माझा दम संपत आला तेव्हा दोन्ही आवाज एक झाले. तिथला आकडा त्याने मनोजकडून तीनदा म्हणवून घेतला. खुशालरावांनी रिकामा खोका माळ्यावर टाकला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन भांडलो. "तुमाले काय गरज होती? काहून सांगितलं? तुमच्या जागी मी असतो तर मुंडी हालवून मोकळा झालो असतो."

"मले माहीत हाय, शेषराव," तो माझ्यासाठी चहा ओतत म्हणाला. "म्हणून तं खुशालराव तुमाले नाई विचारत."

मला ते लागलं. पण खरं होतं, म्हणून मी गुपचूप चहा प्यायलो. त्या दिवसानंतर रहमतुल्ला घरी बसला, आणि खुशालरावांनी त्यालाही काही विचारलं नाही.