पाठ केलेली पानं

नभोनाट्यात संवाद पाठ करायचे नसतात. हातात पानं, समोर माईक, आणि संपलेलं पान आवाज न करता खालच्या गालिच्यावर सोडून द्यायचं. तीस वर्षं रेडिओवर मी हेच केलं. पाठांतर नाटकवाल्यांनी करावं, आम्ही नव्हे, असा माझा तोरा होता. आणि परवा मी चोवीस पानं तोंडपाठ करून उल्हासनगरला रेकॉर्डिंगला गेले.

कारण आता मला वाचता येत नाही. नजरेचा मधलाच भाग गेलाय. माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. मोबाइलवर ऐकायच्या एका मालिकेत आजीचं काम आलं, तेही बारा वर्षांनी. खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुम्ही आता आराम करा. आराम गेला खड्ड्यात! अंबरनाथ पूर्वेला आमच्या घरी सून भाजी निवडता निवडता वाचायची आणि मी घोकायचे. कुठल्या शब्दाला पान संपतं तेसुद्धा घोकलं.

स्टुडिओ म्हणजे उल्हासनगर कॅम्पातल्या कापड दुकानाच्या वरची खोली. काचेपलीकडे दिग्दर्शक, माझ्या नातवाच्या वयाचा. शेजारी नातीचं काम करणारी बदलापूरची मुलगी, बावीसेक वर्षांची. आवाज नको म्हणून पंखा बंद केला. पहिले दोन प्रवेश झकास झाले, पानंही वेळच्या वेळी सोडली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी खूश होते.

तेवढ्यात दिग्दर्शक आत आला. "आजी, शेवटचा सीन कालच बदललाय. हे नवीन पान. डायरेक्ट टेकच घेऊ." पान देऊन तो परत काचेपलीकडे गेला.

पानावर नुसता राखाडी धूर. मग मोठेपणाचा आव आणून मी ते पान मुलीपुढे धरलं. "तू वाच बघू आधी. माझे संवादही वाच. तुझी समज किती ते कळू दे."

तिनं पान लगेच घेतलं नाही. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती, ते मला चेहरा न दिसताही कळलं. तिला समजलं होतं. मला ते ओळखता आलं, कारण ही युक्ती माझी नव्हेच.

मी बावीस वर्षांची असताना एक ज्येष्ठ नटी मला असंच म्हणायची, तू वाच बघू आधी. आज्यांची सगळी कामं तिच्याकडे असायची. आवाजाला वय नसतं, त्यामुळे ती कामं मलाही जमायची. एकदा चहा घेताना मी निर्मात्यांना सहज बोलल्यासारखं सांगितलं, बाईंना दिसत नाही हो. सहज कसलं, चांगला विचार करून सांगितलं. पुढच्या महिन्यापासून आज्या माझ्याकडे आल्या. माझं नाव झालं ते त्याच कामांवर. हे मी नवऱ्यालाही कधी बोलले नाही.

"काय झालं? काही प्रॉब्लेम आहे का?" काचेपलीकडून आवाज आला.

मुलगी माईककडे वळली. आता ही सांगणार, आणि तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

"सर, मला हा सीन लागत नाहीये," ती म्हणाली. "आजींकडून समजून घेते. दहा मिनिटं द्या ना."

तो कुरकुरला, पण दिली. तिनं माझे संवाद माझ्या कानाशी तीनदा वाचले. टेक पहिल्याच फटक्यात झाला. पुढच्या भागांतही आजी तुम्हीच, असं दिग्दर्शक म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. लाज वाटत होती.

जिना अरुंद होता. तिनं माझा दंड धरला. उतरता उतरता मी तिला त्या बाईंचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "तुझ्या जागी मी असते ना, तर सांगून मोकळी झाले असते," म्हटलं.

तिचा हात सैल होईल असं मला वाटलं होतं. तो तसाच राहिला.

"सावकाश," ती म्हणाली, "अजून दोन पायऱ्या आहेत."