पोतदार काकांचा गेमिंग कॉम्प्युटर

कॉम्प्युटर जोडून झाला की टेबलावर एखादा स्क्रू उरतोच. तो कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही आणि मशीन तर व्यवस्थित चालत असतं. हरीश तो उचलून बिस्किटाच्या डब्यात टाकतो. दुकानातले किस्सेही असेच उरत जातात. आता डबा भरत आलाय, म्हणून थोडे काढून दाखवते.

दुकान जुईनगर स्टेशनपासून जवळ, नाव 'वल्हं कॉम्प्युटर'. मी पूर्वी क्लासमध्ये शिकवायचे. पार्टनर हरीश सारसोळ्याचा कोळी. त्याच्या वडिलांनी होडी विकली आणि एक वल्हं तेवढं ठेवून घेतलं, ते आमच्या काउंटरच्या मागे टांगलंय. कॉम्प्युटरच्या दुकानात वल्हं कशाला, असं लोक विचारतात.

आमच्याकडे जास्त करून येतात ते पहिला गेमिंग कॉम्प्युटर घेणारे. बजेट छोटं, व्हिडिओ भरपूर बघितलेले आणि पार्ट आधीच घेऊन झालेले.

*

एक नवरा-बायको खारघरहून असेच आले होते. त्याने चार-पाच सेल गाठून एकेक पार्ट जमवला होता आणि बायकोच्या वाढदिवसाला सगळे बॉक्स एकदम उघडायचे म्हणून एकालाही हात लावला नव्हता. हरीशने प्रोसेसर बघितला, मदरबोर्ड बघितला आणि दोन्ही परत बॉक्समध्ये ठेवले. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड तिच्या विरोधातल्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला. खाचच वेगळी.

"पण दोघांचं रेटिंग मस्त आहे हो," नवरा म्हणाला.

"पोरगा चांगला, पोरगी पन चांगली, म्हनून लगेच लगीन लावाचं काय?" हरीश म्हणाला.

बायको खूप हसली. नवऱ्याला हसता येईना, कारण परत करायची मुदत वाढदिवसाची वाट बघण्यातच संपली होती. मला त्याचं वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चहा मागवते, तसा मागवला.

*

दुसरा एक कॉलेजचा मुलगा. त्याला आत चमकणारे पंखे हवे होते, कॅबिनेटला काच हवी होती, कीबोर्डला रंगीत दिवे हवे होते. पैसे कुठे वाचवायचे, तर पॉवर सप्लायमध्ये, कारण तो बाहेरून दिसत नाही. मी समजावलं, हरीशने समजावलं, पण त्याने स्वस्तातलाच घेतला.

आठवड्याच्या आत परत आला. दिवे एकदम झकास लागतात, पण गेम सुरू केला की मशीन बंद पडतं, अशी तक्रार. मी विचारलं, "तुला खेळायचं होतं की गणपतीची आरास करायची होती?"

बाकावर बसलेले एक गृहस्थ हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. मुलगा गेल्यावर ते उठले आणि म्हणाले, "म्हणजे पॉवर सप्लायमध्ये काटकसर करायची नाही. बरं. मला एक गेमिंग कॉम्प्युटर हवाय."

पोतदार काका आमच्या दुकानात आले ते असे.

*

मी सवयीने विचारलं, नातवासाठी का? नाही म्हणाले, माझ्याचसाठी. हरीशला हसू आलं. काका त्याच्याकडे बघत शांतपणे बोलायला लागले आणि त्याचं हसू थांबलं.

काका एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. काकू गेल्या. मुलाचा घटस्फोट झाला आणि तो पुण्याला निघून गेला. सून नातीला घेऊन खारघरला राहायला गेली, काकांचा फोन तिने ब्लॉक केला. जुईनगर ते खारघर असं किती लांब आहे? पण काकांना नात दिसून दोन वर्षं होत आली होती.

"सुनेला मी दोष देत नाही," काका म्हणाले. "आमच्या मुलाने तिला फार त्रास दिला. रागाने दार लावलं की आत-बाहेर कोण आहे ते बघायचं राहून जातं."

त्यांच्या सोसायटीतली एक मुलगी गार्गीच्या, म्हणजे नातीच्या शाळेत होती. तिच्याकडून त्यांना कळलं की गार्गी रोज संध्याकाळी एक गेम खेळते, त्यात चार जणांची टीम असते आणि अनोळखी माणसंही टीममध्ये येतात. तिथलं तिचं नावही कळलं. म्हणून कॉम्प्युटर.

*

आता कमी बजेटच्या माणसाला आम्ही पहिलं हेच विचारतो, की गेम किती पळायला हवाय. चित्र सेकंदाला साठ वेळा बदललं तर चालेल की त्याहून जास्त? त्यावर कुठलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ते ठरतं. पोरं ह्यावरून तास-तास वाद घालतात.

हरीशने काकांनाही विचारलं. काका विचार करून म्हणाले, "मला पळायचं नाही. ती दिसली पाहिजे आणि मला तिच्या मागून चालता आलं पाहिजे. तेवढं कशात बसतं?"

हरीशने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि आत जाऊन एक सेकंडहँड कार्ड घेऊन आला. ते त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेलं होतं.

*

कार्ड मिळालं, पण ते बसेना. कारण काकांनी कॅबिनेट घरचा आणला होता. पांढऱ्याचा पिवळा पडलेला, गार्गीने लहानपणी ज्यावर चित्रं काढली त्या कॉम्प्युटरचा. त्यात नवा बोर्ड बसला, पण कार्ड लांब आणि मध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा. मी म्हटलं, काका, नवा घ्या, साधा मिळतो. काका ऐकेनात. शेवटी हरीशने तो पिंजरा कापून काढला.

मग पुढची बाजू पुसताना त्याला हेडफोन लावायच्या भोकात काहीतरी अडकलेलं दिसलं. लाल रंगाच्या पेन्सिलीचं टोक. तो पिन घेऊन ते काढायला गेला तर काकांनी त्याचा हात धरला.

"ते राहू दे. दुसरीत असताना तिने घातलंय."

हरीश म्हणाला, पुढचं भोक मग कामाचं नाही, मागे दुसरं आहे. काका म्हणाले, चालेल. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून, जणू मीच काही विचारलं होतं, म्हणाले, "तिचं सामान सगळं खोक्यात भरून नेलं. बरोबरच आहे, तिचंच होतं. हे तेवढं नेता आलं नाही."

मी चहा मागवला.

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. मशीन जोडून झालं की पहिलं बटण गिऱ्हाईकाने दाबायचं. कोणी हळदकुंकू आणतं, कोणी चपला काढतं, एका मुलाने तर आईला व्हिडिओ कॉल लावून स्क्रीनवर तिचं बोट टेकवून घेतलं होतं.

काकांनी बटण दाबलं आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही. अंधार. काकांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "नाही ना जमत," म्हणाले, "मला वाटलंच होतं." हरीशने आत हात घालून रॅमची पट्टी दाबली. कट असा आवाज आला. ती नीट बसलीच नव्हती.

दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर स्क्रीन उजळला. काकांनी कॅबिनेटला हात जोडले. मग आम्हाला जोडायला लागले तेव्हा मी रागावले त्यांना.

*

गेममध्ये नाव हवं होतं. काकांना सुचेना. हरीशने परस्पर 'वल्हं जुईनगर' टाकून दिलं, तेवढीच दुकानाची फुकट जाहिरात.

मग काका शिकायला रोज सकाळी दुकानात येऊन बसू लागले. भिंतीवर जाऊन आपटायचे. बंदूक उलटी धरल्यासारखे आकाशाकडे बघत उभे राहायचे. आणि गेममधला रस्ता आला की थांबायचे, माउस फिरवून उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे, मगच ओलांडायचे.

"काका, गेममधला रस्ता हाय तो," हरीश म्हणाला. "कोन गारी घेऊन येत नाय तिथं."

"माहिती आहे रे," काका म्हणाले. "शाळेत सोडायला जायचो ना, सवय लागलीय."

*

एक दिवस काका पेढे घेऊन आले. ती भेटली होती! तिने टीममध्ये घेतलं होतं. काका स्पीकरवरून तिचा आवाज ऐकत तिच्या मागून चालत राहिले. आवाज बदललाय म्हणाले, मोठ्या बाईसारखा झालाय, पण हसते तशीच.

माईक घ्या ना मग, बोला तिच्याशी, मी म्हटलं. काका नको म्हणाले. बोललो तर ती ओळखेल. ती ओळखेल तर आईपासून लपवणार नाही, लपवूही नये. मग हे दारही बंद व्हायचं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

गेममध्ये जखमेवर लावायची औषधं मिळतात. काका ती सगळी गोळा करून गार्गीच्या पायाशी टाकायचे आणि स्वतः औषधाविना मरायचे. रोज मरायचे आणि दुसऱ्या दिवशी आनंदाने आम्हाला सांगायला यायचे.

एकदा जरा गप्प होते. मग विचारलं, "मॅडम, नूब म्हणजे काय? गार्गी म्हणाली मला. बाकीचे हसत होते."

खेळता न येणाऱ्याला पोरं तसं चिडवतात. हरीश एकदम स्क्रू शोधायला वाकला. मी म्हटलं, "नूब म्हणजे नवीन माणूस, काका."

"नवीन माणूस," काका म्हणाले. "हां. तिच्यासाठी नवीनच की मी."

ते गेल्यावर हरीश बराच वेळ वर उठला नाही.

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

दुपारी एक मुलगी आली, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. रस्त्यापलीकडे स्कूटरवर तिची आई फोनवर बोलत होती. मुलगी आधी पाटी वाचत उभी राहिली, मग आत येऊन वल्ह्याकडे बघत राहिली.

"गेममध्ये तुमच्या दुकानाच्या नावाचा एक प्लेअर आहे," ती म्हणाली. "तो तुमचा कोण?"

मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे.

"तो कधीच बोलत नाही. त्याच्याकडे माईक नाहीये ना?"

नाहीये, मी म्हटलं. तिने भिंतीवरचे हेडफोन एकेक करून बघितले आणि माईकवाला एक काढून काउंटरवर ठेवला. पैसे दिले. पिशवी देऊ लागले तर नको म्हणाली, इथेच ठेवा, तो आला की द्या.

"त्याच्या मशीनला बसेल ना?"

"बसल," हरीश म्हणाला.

बाहेर आईने हॉर्न वाजवला. मुलगी पायरीपर्यंत गेली आणि वळली.

"मागच्या भोकात लावायला सांगा," ती म्हणाली. "पुढच्यात पेन्सिलीचं टोक आहे."