बरणीच्या बुडावरच्या रेघा

लोणच्याची चिनी मातीची बरणी धुऊन आंगणात पालथी घातली का मले बाबाचा घडीचा चाकू आठवते. संत्र्याचा हंगाम होता. साळा, बायकोचा भाऊ, नागपूरहून नवा चकचकीत चाकू घेऊन आमच्या बगीच्यात आला अन् म्हणे, "भाऊजी, हे जुनं लोखंड फेका आता. याची धार टिकत नाही." मले रागच आला. मी म्हटलं, "पेट्या बांधाच्या सुतळ्या दोघंही कापू. संध्याकाळी ज्याच्या चाकूनं हातावरचे केस निघतील, त्याचा चाकू खरा. मी हरलो तर बाबाचा चाकू पुन्हा खिशात ठेवणार नाही." बोलून तर बसलो, पण दुपारपर्यंत माझा चाकू सुतळीत अडकून राहिला होता. तो ओट्यावर ठेवून जेवाले बसलो, पण भाकर नुसती कुस्करत राहिलो. बायको म्हणे, "जेवा चुपचाप. मामंजीचा चाकू असा नाही हरत." संध्याकाळी साळ्याचा चाकू केसांवरून नुसता सरकला अन् माझ्या चाकूनं मनगट साफ केलं. त्याले सोडाले सौंसरच्या बसस्टँडवर गेलो, तिथंही मी लोकांना मनगट दाखवत होतो. पुढच्या उन्हाळ्यात हीच बरणी पालथी दिसली. बुडाच्या खरबरीत कडेवर धार लावाले पातं घासल्याच्या काळ्या रेघा होत्या. मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणे, "काय पाहून राहिले? कैऱ्या कापा." त्याच चाकूनं कापल्या. आजही साळा येऊन राहिला म्हणून समजलं का मी आधी बरणी सुलटी करून ठेवतो.